येळवशीची काळी भज्जी

१९ डिसेंबर २०१५

चारा छावणीत आज रक्त तपासायला सिस्टर आल्या होत्या. बायांची रांग जनावरांच्या दावणीपासून पार टँकरपर्यंत. बोट टोचलं की बाई आधी हसायची, मग आकडा पुन्हा विचारायची. कुणाचंच रक्त भरत नाही. एकीला सिस्टर म्हणाल्या, "बाई, एवढ्या रक्तावर तू उभी कशी हायस?" ती म्हणाली, "बसा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई." सगळ्या लोटपोट.

गोळ्या कुणी खात नाही, मळमळतं म्हणतात. मग सिस्टर म्हणाल्या, निदान लोखंडाच्या भांड्यात शिजवत जा, जेवणात लोखंड उतरतं. पुढं बरंच काही सांगत होत्या, आंबट-बिंबट, शिजवून ठेवणं-बिवणं, पण माझं डोकं तिथंच अडकलं. आप्पांच्या भांड्याच्या दुकानात मागच्या खोलीत एक भलीथोरली बिडाची कढई पडून आहे. बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची. कुण्या आचाऱ्यानं सांगून ठेवली आणि नेलीच नाही.

छावणीतला सगळा स्वयंपाक महिला सहकारी संस्थेच्या बाया करतात. ती कढई त्यांच्या चुलीवर गेली तर? शिक्षण संपल्यापासून नुसती घरी बसून कथा लिहितेय आणि फाडतेय. हे काहीतरी खरं होईल.

२२ डिसेंबर

आप्पा म्हणाले, "ने बाई. उंदरं बाळंत व्हायलेत तिच्यात."

दुकानातल्या भांड्यांवर आप्पा मशीननं नाव घालून देतात. बिडावर ती सुई नीट चालेना. मग मी पांढरा ऑइलपेंट आणला आणि कढईच्या काठाखाली स्वतः लिहिलं: कु. शिवगंगा ईश्वरप्पा, बी.एस्सी., यांजकडून महिला संस्थेस सप्रेम भेट.

आप्पा बघत उभे होते. "बी.एस्सी. कशाला गं? कढईला काय नोकरी लावायचीय?"

मी म्हणाले, असू द्या.

२७ डिसेंबर

कढई चालली! पिठलं तर असं झालं की म्हाळू (छावणीत चारा वाटतो तो) तीनदा ताट घेऊन आला. "गंगाताई, पयलं माज्या म्हशीचं रक्त तपासा, मग माजं." रोज धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवायची. काळीकुळकुळीत झालीय, तोंड दिसतं.

संस्थेच्या चेअरमन छबुकाकू. त्यांनी सगळ्यांसमोर मला सचिव केलं. जुनी सचिव लग्न होऊन केजला गेली, म्हणून जागा मोकळीच होती, पण तरी.

बीडच्या एका पेपरला बातमी लिहून पाठवली. दुष्काळात रक्ताची लढाई. शीर्षक जरा जास्तच झालं. राहू दे.

३ जानेवारी २०१६

येळवस शनिवारी. कॉलेजात एका पुण्याच्या मुलीला येळवस समजावताना माझी दमछाक झाली होती. अगं, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात जेवतं. पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजायचे. आंबील प्यायची, भज्जी खायची. ती म्हणाली, भजी? मी म्हणाले, भजी नाही गं, भज्जी. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे दाणे, मेथी, चुका, जे हिरवं मिळेल ते, ताकात कालवलेलं बेसन, आणि चिंच. भरपूर चिंच. ती म्हणाली, म्हणजे भाजी. मी सोडून दिलं.

यंदा कुणाच्या रानात काही नाही. म्हणून संस्थेनं ठरवलं, सगळ्या छावणीची येळवस एकत्र, छावणी चालवणाऱ्या सुंदररावांच्या पडीक रानात. हिरवा माल माजलगावच्या बाजारातून येईल.

भज्जी कुणी करायची यावर मीटिंग. खरं तर वादाचा प्रश्नच नाही. चंद्रभागामावशीच्या हातच्या भज्जीला तोड नाही, सगळेच म्हणतात. पण तिचा नवरा मागच्या चैत्रात गेला. छबुकाकू म्हणाल्या, "तिनं चिरून द्यावं, निवडून द्यावं. फोडणीला सवाष्ण बसंल. पांडवाला दाखवायचं आसतंय."

मी उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण माझा आवाज मलाच आवडला. शेवटी छबुकाकू म्हणाल्या, "बरं बाई. तुज्या शब्दावर. पर काय वंगाळ झालं तर?"

"माझी जबाबदारी," मी म्हणाले.

मावशी बाहेर गाईला पाणी दाखवत होती. धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "कावून भांडलीस गं? मी चिरत बसले आसते." आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. फार आनंद झाला असणार तिला.

८ जानेवारी

आज भज्जी शिजली. एवढ्या माणसांची म्हणून आदल्या संध्याकाळीच.

मावशी आधी म्हणाली, "मला आपल्या कल्हईच्या पातेल्याची सवय हाय."

"मावशी, पातेल्यानं रक्त वाढतं का?"

"मला काय म्हायीत. तू शिकलेली."

पण चुलीपुढं बसली आणि बाई बदललीच. चिंचेचा कोळ ओतताना हात कसा थरथरवत नेते! मला म्हणाली, "म्होरं ये, नीट बघ, पुन्यांदा कोण दाखवनार हाय तुला." नवऱ्याचं नाव काढलं, पहिल्यांदाच. तो म्हणे भज्जीत भाकरी कुस्करत नसे, भाकरीत भज्जी कुस्करायचा. "येकच की गं मावशी." "येक कसं? तू वाढून बघ मग कळंल." सगळ्या हसल्या. छबुकाकूसुद्धा.

चव बघितली. तोंडाला पाणी सुटलं.

मावशी स्टीलच्या डब्यांत काढून ठेवू म्हणत होती. मी म्हणाले, नको, कढईतच राहू द्या झाकून. जितका वेळ राहील तितकं लोखंड उतरतं. फोटो काढला, बातमीबरोबर छापायला पेपरला पाठवून दिला. माझं नाव बरोबर मध्ये आलंय.

९ जानेवारी

काय लिहू.

पुन्हा सुरू करते. सकाळ चांगली होती, ऊन मऊ होतं, रानात कडब्याची खोपटासारखी कोप केली होती, तिच्यात पाच दगड

नाही. सरळ लिही.

झाकण काढलं. भज्जी काळी. शिळ्या चहासारखी नाही, डांबरासारखीही नाही. शाईसारखी. निळसर काळी. पळी घातली तर पळी काळी. सुंदररावांनी पांडवांना दाखवायला द्रोण पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला.

म्हाळूनं घास तोंडात घातला आणि थुंकला. "आरं बे, खिळा चघळल्यावानी लागायलंय!" एक-दोघं हसले. मग कुणी हसेना.

मग मागून एका बाईचा आवाज. हळू होता, पण रानात सगळं ऐकू जातं. "पांडवाला न्हाई चाललं. मोकळं कपाळ चुलीपुढं बसवलं, आन् काय व्हनार."

सगळे मावशीकडं बघायला लागले. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. कढईवर माझं नाव होतं तरी.

मावशी म्हणाली, "माजंच काय तरी चुकलं आसंल." आणि पदर पुढं ओढून उठली. जाताना स्वतःचं ताट पालथं घालून गेली.

आंबीलही तिनंच केली होती, मडक्यात. पांढरीशुभ्र. लोक ती प्याले. छान झालीय म्हणत प्याले.

९ जानेवारी, पुढं

दुपारी सगळे गेल्यावर कढई मी एकटीनं घासायला घेतली. भज्जी जिथपर्यंत होती तिथपर्यंतचा काळा थर गेला होता. खाली उघडं करडं लोखंड, वर माझी तेल लावलेली काळी पट्टी. मधे सरळ रेघ, पूर आलेल्या भिंतीवर असते तशी.

चिंचेचा एक गोळा उरला होता. तो भिजवून त्या उघड्या जागेवर चोळला. पाणी काळं व्हायला वेळही लागला नाही.

आम्ही हे लॅबमध्ये केलं होतं. लोखंड आणि आंबट. जर्नलमध्ये मी त्याची आकृती काढली होती, सरांनी 'गुड' लिहिलं होतं.

म्हणजे मला आजच कळलं. आज दुपारीच. हे मी इथं लिहून ठेवते, कारण मला ओळखते मी.

११ जानेवारी

कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

छबुकाकू एवढंच म्हणाल्या, "तुजी चूक न्हाई गं पोरी, तू चांगल्या मनानं केलंस." मी मान हलवली. तेव्हाच बोलायचं होतं. चहा आला म्हणून आधी तो घेतला, मग त्या उठल्या.

दोन दिवसांत लोकांचा राग जाईल. राग गेल्यावर शांतपणे सांगितलेलं जास्त पटतं.

१४ जानेवारी, भोगी

भोगीची भाजी छबुकाकूंनी केली, पातेल्यात. कढई पालथी घालून ठेवलीय. तिच्यावर कुणीतरी गोवऱ्या रचल्यात.

मावशीला कुणी ये म्हणालं नाही, नको असंही म्हणालं नाही. तिनं आपल्या गाईंपाशी तीन दगड मांडलेत, तिथं एकटीपुरतं करते. काल तिनं शेजारणीच्या नातीला भाकरीचा तुकडा दिला तर शेजारणीनं तो पोरीच्या हातातून घेऊन वासराला घातला. मावशीच्या देखत. वासरानं खाल्ला.

उद्यापासून हळदीकुंकवं. मला सहा घरची बोलावणी आहेत.

१६ जानेवारी

घरच्या बिडाच्या तव्यावर सगळं करून बघतेय. चिंच काळी. ताक काळपट, वास लोखंडाचा. टमाटा शिजवला तेव्हा बरा, तासाभरानं चव गेली. अंबाडी सगळ्यात वाईट. लिंबू पिळलं तर तव्यावर गंजाचे डाग. दूध आटवलं ते करडं झालं. भाकरी, पिठलं, वांगं, तुपातला शिरा, यांना काही होत नाही. कोरडं आणि तेलातलं चालतं. आंबट चालत नाही. शिजवून तसंच ठेवणं तर मुळीच नाही.

सिस्टर नेमकं हेच सांगत होत्या त्या दिवशी. मी तेव्हा कढईवर काय नाव लिहायचं याचा विचार करत होते.

आप्पा मागच्या दारी आले. खरवडलेला तवा बघितला, वाट्या बघितल्या, माझी काळी बोटं बघितली. तवा घेऊन गेले, तेल चोळून चुलीवर ठेवला. म्हणाले, "तवा येतोय परत जाग्यावर. त्याला कुणाला काही सांगावं लागत नसतंय."

बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नाही.

१९ जानेवारी

मावशी चाललीय. पाटोद्याकडच्या छावणीत तिचा भाऊ आहे, तिथं. सुंदररावांकडं गाई हलवायचा दाखला मागायला आली तेव्हा मी तिथंच रजिस्टर भरत होते.

सुंदरराव म्हणाले, "आगं, हितं काय कमी पडलं?"

"चाऱ्याला काय कमी न्हाई, दादा."

"मग?"

"मानसाला कमी पडायलंय."

भाऊ-भावजय तिला नीट ठेवत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत आहे. नवरा गेल्यावर पंधरवडा राहायला गेलती, तर चौथ्या दिवशी परत आलती. परवा टेम्पो येणार आहे.

मी खाली मान घालून लिहीत राहिले. कडबा, पेंड, कडबा, पेंड. वर बघितलं असतं तर तिनं हसून विचारलं असतं, जेवलीस का. तिला तशी सवय आहे.

२१ जानेवारी

केलं. झालं.

काल सकाळी छबुकाकूंच्या दारात गेले आणि म्हणाले, काकू, तुमच्या हातानं भज्जी करायची, निम्मी पातेल्यात, निम्मी कढईत. रात्रभर झाकून ठेवायची. त्या म्हणाल्या, "येळवस झाली की गं." मी म्हणाले, माझ्यासाठी करा. त्यांना वाटलं मला भज्जीचे डोहाळे लागलेत, लग्नाआधीच. तसं बोलूनही दाखवलं.

आज सकाळी सगळ्या बायांना बोलावलं. पातेल्याचं झाकण काढलं: पिवळी, हिरवी, छान. कढईचं काढलं: शाई.

छबुकाकूंचा हात पहिल्यांदा कपाळावर गेला. "आगं बया! माजं कुकू तर हाय!"

काय हसल्या बाया! एकजण खालीच बसली. "काकू, काकांना फोन लावून बघा, हायती का!" छबुकाकू स्वतः हसून हसून डोळे पुसत होत्या. मग मी सांगितलं, चिंच, ताक, चुका, लोखंड, सगळं. लोखंडाला आंबट चालत नाही. हात कुणाचाही असो. उरलेला कोळ कढईत टाकून डोळ्यांदेखत काळा करून दाखवला. मागं ज्या बाईनं मोकळं कपाळ म्हटलं होतं ती सगळ्यात पुढं वाकून बघत होती. "म्हंजी बिचारीचं काईच न्हाई की," ती म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणी काही म्हटलं होतं.

सगळ्या तशाच निघाल्या मावशीकडं. टेम्पो आलेला. एक गाय चढवलेली, दुसरी चढेना. मावशी तिच्या शेपटीशी झटत होती. छबुकाकूंनी दावं हातातून काढून घेतलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कढई, चिंच, माझं कुकू, हिनं शोधलं, ह्या पोरीनं.

मावशीनं सगळं ऐकलं. मग गर्दीतून माझ्याकडं आली. तिला मी अशी कधी बघितली नव्हती, राग नाही, काही नाही, नुसती बघत होती.

"कवा कळालं गं तुला?"

सगळ्या ऐकत होत्या.

मी म्हणाले, "काल."

मावशीचा चेहरा सुटला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "काल कळालं आन् आज सांगितलंस. दुसरी आसती तर गप बसली आसती. आपल्याला काय करायचंय म्हनून."

गाय उतरवली.

२२ जानेवारी

मावशी आज चुलीवर होती. पातेल्यात आमटी. पहिली वाटी मला आणून दिली, सगळ्यांच्या आधी. मी खाल्ली. मिठाला जरा कमी होती, नाही, बरोबर होती.

एकटीला गाठून सांगता येईल. पण आता सांगितलं तर ते कुणासाठी? ती हसायला लागलीय. पुन्हा तिचं मन दुखवायचं, ते फक्त मला हलकं वाटावं म्हणून?

हे वाक्य किती चांगलं जमलंय. भीती वाटते मला माझीच.

२५ जानेवारी

कढई परत तेल लावून चुलीवर घेतली. तिच्यासाठी नियम केला: पिठलं, वांगं, परतायचं सगळं. आंबट नाही. काठाखालचं माझं नाव मी काल राखेनं आणि विटकरीनं घासत होते, तर मावशी धावत आली. "खुळी का काय! ऱ्हाऊ दे की. लोकांना कळाया नगं का कुनी दिली?" माझ्या हातातली विटकर काढून घेतली.

पेपरात बातमी आली. फोटोत भज्जी पिवळी आहे अजून.

३१ जानेवारी

संस्थेची मासिक सभा. छावणीतच, गव्हाणींच्या मधल्या मोकळ्या जागेत. विषय नेहमीचे: सरपण, टँकरची वेळ, पुढच्या आठवड्यात चुलीवर कोण. छबुकाकू म्हणाल्या, "झालं का समद्यांचं?"

तर चंद्रभागामावशी उठली. ती सभेत कधी बोलत नाही, कोपऱ्यात पालकाच्या काड्या खुडत असते. पदर सावरून म्हणाली, "माजा येक ठराव हाय."

बाया ओरडल्या, "आगं बया, ठराव!"

"हसू नगा. सुंदररावदादाला इचारून आलेय कसं म्हनायचं आसतंय ते." मग ती पाठ केल्यासारखं, थांबत थांबत बोलली. "ईश्वरप्पाची शिवगंगा. हिच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडते. कळाल्या कळाल्या हिनं सांगितलं. मागंपुढं बघितलं न्हाई. सोताची कढई वंगाळ म्हनून दाखवली, सोताचं नाव आसलेली. माजी चूल हिनं मला परत दिली." एवढं झाल्यावर तिला पुढचं आठवेना. "बस. एवढंच."

छबुकाकूंनी अनुमोदन दिलं. टाळ्या. म्हाळू गव्हाणीपलीकडून ओरडला, "आमचं बी आनुमोदन!"

मी म्हणाले, "काकू, ह्याची काही गरज नाही." सगळ्यांना ते नम्रपणाचं वाटलं. मी म्हणाले, "मावशी, ऐका ना, मला आधीच—"

"ए, तू गप," मावशी म्हणाली. "ठरावाच्या मधी बोलायचं नसतंय."

आणि मी गप्प झाले. तिनं गप्प केलं म्हणून नाही. तिनं गप्प केलं हे बरं झालं म्हणून.

"हात वर करा," छबुकाकू म्हणाल्या. सगळ्यांचे हात वर गेले. बांगड्यांचे, बिनबांगड्यांचे, पिठाचे. काकूंनी नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबल्या. "गंगे, तुजा बी. तू बी सभासद हायस की. येकमतानं मंजूर पायजे."

मी हात वर केला.

"मंजूर."

हात खाली आले. चंद्रभागामावशीचा सगळ्यात शेवटी. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला तो खाली घ्यायचा लक्षातच येत नव्हता.